एकोणतीसचा पाढा

मी आता जे सांगणार आहे ते तुमच्यापैकी एकाला जरी खरं वाटलं, तर या दुकानातली हवी ती स्कीची जोडी उचला आणि फुकट घेऊन जा. वर मेणही लावून देतो. आजवर एकही जोडी अशी गेलेली नाही.

“म्हणजे थाप आहे,” पुष्कर म्हणाला.

पुष्कर नाशिकचा. त्याच्याबरोबरची रेवा सांगलीची. ती कमी बोलते आणि ऐकताना नजर हलवत नाही. असल्या श्रोत्यांची मला जरा धास्तीच असते. दोघं आज सकाळच्या बसनं सेरथांगला उतरले. हिमाचलच्या या टोकाला ‘ढमढेरे स्की दुरुस्ती’ अशी मराठी पाटी दिसली की आपला माणूस आधी हसतो आणि मग आत येऊन चहा मागतो. यांनीही तेच केलं. चहा झाल्यावर पुष्करनं विचारलं, “काका, हिमस्खलन सुरक्षेचा पहिला कोर्स झालाय आमचा. आता प्रगत करायचाय, त्याशिवाय मोकळ्या डोंगरात स्की करायला सोडत नाहीत. इथं दोन आहेत म्हणे. कुठला घ्यावा?”

एका वाक्यात उत्तर द्यायचं तर दुकान बंद करून झोपलो असतो. म्हणून ही गोष्ट. बुखारीत, या लोखंडी शेगडीत, लाकूड टाक रे एक, आणि बस.

“आधी सांगा, तुम्ही स्की शिकलात कुठं?”

तळेगावात.

पुष्कर इतका हसला की त्याला ठसका लागला. हसायला काय झालं? मावळात भात पिकतो. भात पिकतो तिथं गिरणी असते, आणि गिरणीमागं तुसाचे ढीग असतात, दोन-दोन मजले उंच. फणसाच्या दोन फळ्या घासून घ्यायच्या, पायाला सायकलच्या ट्यूबनं बांधायच्या आणि निघायचं. एकदा मी इतक्या वेगानं उतरलो की खाली पोचून चहा मागवला, पिऊन संपवला, आणि मग वरून माझी आरोळी खाली आली.

“अहो काका.”

बरं, आरोळीचं राहू दे. तुसाचा ढीग मात्र खरा. माझी मुलगी केतकी त्याच ढिगावर शिकली. तिसरीत होती तेव्हा एकदा ढीग सरकला आणि ती छातीपर्यंत आत गेली. तूस हलकं असतं असं ज्याला वाटतं त्यानं एकदा त्यात गाडून घ्यावं. माणूस श्वास सोडतो तेवढी जागा तूस खातं, पुढचा श्वास त्याहून लहान. पोर रडायला लागली, आणि रडण्यानं आणखी आत जायला लागली. मी वरून ओरडलो, “केतके, एकोणतीसचा पाढा म्हण. पाढा संपायच्या आत बाबा पोचतो.”

एकोणतीसचा का, तर तो सगळ्यात वाईट. त्याला डोकं लागतं, म्हणजे रडायला उरत नाही. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. सत्त्याऐंशीला मी तिच्या बगलेत हात घातला होता. पुढं तो आमचा रिवाजच झाला. दाताच्या डॉक्टरकडं, इंजेक्शनला, गर्दीत हात सुटला तर. तिनं पाढा सुरू करायचा आणि मी पोचायचं. तिला पाचेच्या पुढं कधी जावं लागलं नाही. याचा मला फार गर्व होता.

ती मोठी झाली, इंजिनिअर झाली, नोकरीला लागली आणि नोकरीच्या सगळ्या सुट्ट्या इथं घालवायला लागली. तयार केलेल्या उतारांवर नाही, तिथं पाळण्यात बसून वर जातात. ही मंडळी स्वतःच्या पायांनी डोंगर चढायची आणि जिथं कुणाचा पाय पडला नाही अशा बर्फावरून खाली यायची. बरोबर अन्वय असायचा, म्हणजे माझा होणारा जावई. आणि एका थंडीत तिच्यापुढं तोच प्रश्न आला जो आज तुमच्यापुढं आहे. कोर्स कुठला?

तर आता थोडं विज्ञान. ही जागा थापेची नाही, इथं लक्ष द्या.

पाटावर रव्याचा थर पसरा, त्यावर दुसरा जड पाट ठेवा आणि खालचा पाट हळूहळू तिरपा करा. काही वेळ काही होत नाही. मग सगळं एकदम होतं. हिमस्खलन म्हणजे एवढंच. हा रवा येतो कुठून? बर्फ वर थंड असतो आणि खाली जमिनीलगत त्या मानानं उबदार. खालची वाफ थरांमधून वर सरकते आणि वाटेत कणांचा आकार बदलून टाकते. गुंतलेले मऊ कण जातात, कडा असलेले सुटे कण होतात, खडीसाखरेसारखे. एकमेकांना धरत नाहीत. बर्फाचा थर जितका पातळ, तितकं हे लवकर होतं. हल्ली पहिला बर्फ जेमतेम पडतो, मग महिनाभर कोरडी थंडी, मग एकदम मोठं वादळ. म्हणजे आधी रवा, मग वर पाट. इथले जुने लोक सांगतात, पूर्वी मार्चमध्ये निजणारे डोंगर आता सगळा हंगाम जागे असतात.

आता कोर्स. जुना कोर्स छेरिंग मॅडमचा. मॅडम इथल्याच, हिमशास्त्रात डॉक्टरेट, स्वभावानं करवत. आठवडाभर तंबूत ठेवतात. खड्डा खणायचा, थर बोटांनी ओळखायचे, भिंगातून कण बघायचे. मग खड्ड्याच्या भिंतीत एक खांब कापायचा, त्यावर फावडं ठेवायचं आणि थापट्या मारायच्या. आधी मनगटातून, मग कोपरातून, मग खांद्यातून. कितव्या थापटीला खांब सरकतो त्यावरून ठरवायचं, उतरायचं की गुपचूप घरी जायचं. अर्धा वेळ त्या बर्फ शिकवतात आणि अर्धा वेळ माणसं. तुमच्यात होकार कोण लादतो, नकार गिळून कोण बसतो, हे सगळ्यांसमोर बोलायला लावतात. त्यांच्या कोर्समध्ये लग्नं मोडलेली आहेत.

नवा कोर्स इथल्या हिमस्खलन प्रशिक्षण केंद्राचा. एक दुपार. तो असा निघाला.

कुणाच्या तरी लक्षात आलं की एकदा हिमस्खलनात सापडून वाचलेली माणसं पुन्हा तीच चूक करत नाहीत. त्यांना बाकीच्यांपेक्षा जास्त माहिती असते असं नाही. त्यांच्या अंगाला माहिती असते. उतार बघितला की पोटात खड्डा पडतो, छाती आवळते, पाय थांबतात, आणि डोकं नंतर येऊन कारण शोधतं. मग प्रत्येकालाच एकेक हिमस्खलन दिलं तर? तोवर स्कीवाल्यांच्या टोपांमध्ये संवेदक आलेच होते. टोप विचार टिपत नाही, तसं कुणी सांगितलं तर ती थाप. तो अंग टिपतो. ठोके, श्वास, तोल, स्नायूंचे ताण, आणि विशेष करून जीभ आणि घसा, कारण गुदमरणं तिथं घडतं. ही नोंद एका जाकिटातून आणि टोपातून दुसऱ्याच्या अंगात उतरवता येते. विद्यार्थी उबदार खोलीत आडवा पडतो, त्याच्या समोर तो उतार दाखवतात आणि त्याचं अंग दुसऱ्या कुणाच्या तरी बर्फाखाली जातं. बाहेर येतो तो भीती शिकूनच.

“हे माहितीये आम्हाला,” पुष्कर म्हणाला. “त्यांच्या जाहिरातीत आहे.”

जाहिरातीत हे नसेल. सुरुवातीला त्यांनी वाचलेल्यांच्या नोंदी वापरल्या. साहजिकच आहे, वाचलेली माणसं नोंद द्यायला हजर असतात. पण विद्यार्थी निघाले उलटे, आधीपेक्षा जास्त बेफाम. कारण अंगानं शेवटही शिकून घेतला होता. फावड्याचा आवाज, हवा, वरचं आभाळ. अंग म्हणायचं, घाबरायचं काय, शेवटी बाहेर काढतातच. शेवट कापून पाहिला, तरी फरक पडला नाही. जो सुटणार असतो त्याचं अंग काही वेगळंच झगडत असतं, आणि ते शिकणाऱ्याला कळतं. तेव्हा केंद्रानं नियम केला. धड्यात फक्त न परतलेल्यांच्या नोंदी घ्यायच्या. टोप विकत घेताना प्रत्येकजण तसं कबूल करून बसलेला असतोच. नावं लपवायची म्हणून धड्यांना पक्ष्यांची नावं दिली. गिधाड, चकोर, घार. विद्यार्थी खानावळीत एकमेकांना विचारतात, “तुला कोण मिळालं?”

पुष्करनं कप खाली ठेवला. रेवा तशीच बघत होती.

केतकीनं मला तळेगावात फोन केला. “बाबा, छेरिंग मॅडमकडं आठवडाभर खड्डे खणू, की केंद्रात एका दुपारी मरून येऊ?” पोळ्या करू का भात लावू, असं विचारावं तसं.

“तुला काय वाटतं?”

“मला खड्डे आवडतात. पण अन्वय म्हणतो, खड्डे खणणारेही गाडले गेलेच की. डोक्याला सगळं माहीत असतं, पण कोवळा बर्फ बघितला की डोकं रजेवर जातं.”

“बरोबर बोलतोय.”

“म्हणजे केंद्र?”

मी गप्प बसलो. विलास ढमढेरे गप्प बसला, यावर खरं तर तुम्ही विश्वास ठेवायला नको. पण मला माझ्या पोरीच्या अंगात भीती हवी होती. शिकवलेली असो, विकत घेतलेली असो. मुलीचं धाडस बापाला फक्त दुसऱ्याला सांगायला आवडतं.

“बाबा, ऐकू येतंय का?”

“येतंय. तुझं तू बघ.”

तिनं केंद्र घेतलं. तिला गिधाड मिळालं.

आणि कोर्स लागू पडला, हेही सांगायला हवं. त्या हंगामात ती चांगले दिसणारे उतार सोडून मागं फिरली. एका उतारावरून ती फिरली आणि दुसऱ्या दिवशी तो आपोआप कोसळला. खोऱ्यात अपघात कमी झाले, केंद्राबाहेर रांगा लागल्या. छेरिंग मॅडमच्या तंबूत चार-दोन चिवट माणसं उरली. आणि केंद्रवाल्यांमध्ये एक पद्धत पडली. उताराच्या माथ्यावर उभं राहायचं, हातमोजा काढायचा आणि तळवा छातीवर ठेवायचा. याला ‘छातीला विचारणं’ म्हणायचे. छाती आवळली तर मागं. गप्प राहिली तर खाली. खड्डा खणायला फावडं काढलं की हसायचे. “अरे, छातीला विचार ना.”

दिवाळीला केतकी घरी आली. दुपारी फराळ करून पलंगावर लवंडली आणि तिचा डोळा लागला. शैलानं, म्हणजे माझ्या बायकोनं, तिच्या अंगावर गोधडी टाकली. जुन्या साड्यांची, जरा जड. केतकी झोपेतून अशी उसळली की कपाटावर जाऊन आदळली. भिंतीला पाठ लावून उभी राहिली, ओठ हलत होते. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. मी पुढं झालो, पण तिनं हात आडवा केला. जवळ घ्यायचं नव्हतं. छातीवर काहीच चालत नव्हतं, गोधडी नाही, आईचा हात नाही. अन्वयचाही नाही, हे नंतर कळलं.

ती बाहेर गेल्यावर शैला मला म्हणाली, “तुमच्या त्या केंद्रानं पोर वाचवली असेल. पण तिला पोटाशी धरता येत नाही मला. मग वाचवली कुणासाठी?”

“बरी होईल.”

“हीपण थापच का?”

शैलाला माझ्या थापा पाठ होत्या. त्या दिवाळीनंतर मी पेन्शनचं कारण काढलं, स्वस्ताईचं काढलं, गुडघ्यांना थंडी मानवते असंही म्हणालो, आणि इथं येऊन दुकान टाकलं. केतकी हंगामभर इथंच असायची, घरून काम चालायचं तिचं. पाढा संपायच्या आत पोचायचं तर जवळ राहायला हवं, एवढंच माझं गणित. ती रोज संध्याकाळी दुकानात येऊन माझ्या मेणाला नावं ठेवायची. “बाबा, हे मेण आहे की तुपाची बेरी?” माझ्या आयुष्यातला तो चांगला काळ. त्याबद्दल मी सांगत नाही, कारण त्यात थापा मारण्यासारखं काही नाही.

आता पुन्हा विज्ञान, थोडंच.

अंग भीती शिकतं ती खुणांना बांधून शिकतं. गिधाड म्हणजे जो कुणी गेला होता, तो गेला एका रुंद मोकळ्या वाडग्यासारख्या उतारावर, लख्ख उन्हात, डाव्या गालावर वारा असताना. केतकीच्या अंगाला तेवढंच माहीत. मोकळा उतार, ऊन, डावा वारा. तसं काही दिसलं की छाती कडकडून आवळायची. पण भूर्जाच्या झाडांमधली अरुंद घळ, ढगाळ हवा, वारा नाही, हे तिच्या अंगानं कधी पाहिलेलंच नव्हतं. तिथं छाती गप्प राहिली. गप्प याचा अर्थ ‘मला माहीत नाही’. यांनी तो ‘जा’ असा घेतला. पूर्वी माहिती नसली की माणूस भ्यायचा. यांनी माहिती नसण्याची सगळी भीती देऊन एका माणसाची भीती विकत घेतली होती.

चौघं होते. चौघांनी मोजे काढले, छातीला विचारलं. चौघांनाही वेगवेगळे पक्षी मिळालेले, पण झाडांमध्ये कुणी मेलेलं नव्हतं. पहिली केतकी उतरली. अन्वयनं नंतर मला सांगितलं, “काका, आमच्या सगळ्यांच्या छात्या गप्प होत्या. चौघांच्याही. अशी शांतता कधी लागली नव्हती.”

घळीच्या वरचा बर्फ निघाला आणि झाडांमधून खाली आला.

मी इथं, याच टेबलावर, स्कीची कड घासत होतो. भोंगा झाला. छेरिंग मॅडमनी बर्फावरची गाडी दुकानासमोर थांबवली आणि नुसतं “बसा” म्हणाल्या. मला त्यांनी कधी अहो-जाहो केलं नव्हतं. मी काय ते ओळखलं आणि बसलो. वर पोचलो तेव्हा अन्वय आणि दुसरे दोघं गाडलेल्याचा माग काढणारं यंत्र घेऊन धावत होते. यंत्र बीप करतं, आवाज जवळ येतो, मग लांब जातो. झाडांच्या मुळांत बर्फ सिमेंटसारखा बसला होता. मॅडमनी सळई खुपसली, काढली, खुपसली. मग म्हणाल्या, “इथं.” आम्ही खणायला लागलो.

“सापडली?” पुष्करनं विचारलं.

थांब. चहा उतू जातोय. मावळात आम्ही चहाला उकळी फुटली की त्यात चमचा उभा करायचो. चमचा उभा राहिला तर चहा झाला, आडवा पडला तर दूध—

“काका, आधी केतकीताईचं सांगा.”

गोष्ट कोण सांगतंय? मी सांगतोय तर माझ्या वाटेनं जाऊ दे. मधला एक हंगाम सोडून द्या. त्याच्या पुढच्या हंगामात एक गिऱ्हाईक भाड्यानं नेलेली स्की परत द्यायला आलं. कोचीचा दातांचा डॉक्टर, पन्नाशीचा, कालच केंद्राचा कोर्स करून बाहेर पडलेला. हिंदी बेताची, मराठीचा तर संबंधच नाही. तो स्की टेबलावर ठेवत होता, माझ्या हातून हातोडी निसटून पडली, आणि तो दचकला. दचकला आणि पुटपुटला.

“एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी.”

मी म्हटलं, “काय म्हणालात?”

त्याला लाज वाटली. म्हणाला, धड्यातून बाहेर आल्यापासून घाबरलो की जीभ अशी आपोआप फिरते. अर्थ ठाऊक नाही. काही मंत्र असेल का? मी विचारलं, पुढं येतो का? त्यानं डोळे मिटले. “एकोणतीस चोक एकशे सोळा. एकोणतीस पाचे एकशे पंचेचाळीस. एकोणतीस सक एकशे चौऱ्याहत्तर. एकोणतीस साते...”

आणि थांबला. म्हणाला, इथंच थांबतं.

सत्त्याऐंशी हा आकडा आपल्या पोरांना नीट उच्चारता येत नाही, आणि हा कोचीचा माणूस तो तळेगावच्या हेलात म्हणत होता. मी त्याला विचारलं, तुम्हाला कोण मिळालं?

“चकोर,” तो म्हणाला.

त्यानंतर ते येतच राहिले. लडाखची एक शिक्षिका. जपानचं एक जोडपं. दोघांनी एकाच सुरात म्हटला. रस्त्यानं जाताना पाय घसरला की कुणीतरी म्हणायचं, एकोणतीस एके एकोणतीस. या सबंध खोऱ्यात माझ्या पोरीचा पाढा मोकळा हिंडत होता. प्रत्येकजण सातेला थांबायचा. मी रोज दुकान उघडायचो, कारण कुणीतरी येणार आणि मी मुद्दाम हातोडी पाडणार. शैला येऊन दोन दिवस राहिली. तिनं एकदाच ऐकलं, तोंडावर पदर घेतला आणि तळेगावला निघून गेली. मला म्हणाली, “तुम्ही यांना कसं ऐकून घेता?” मी म्हटलं, दुसरं कुठं ऐकायला मिळणार?

मी इथं जरा घाईनं बोललो. पुष्करच्या लक्षात आलं नाही.

मग मी केंद्रात गेलो. म्हटलं, मला प्रगत कोर्स करायचाय. समोरच्या मुलीनं माझ्या गुडघ्यांकडं बघितलं. मी तिला आरोळीची गोष्ट सांगितली, तुसाची सांगितली, ती हसली आणि तिनं मला घेतलं. म्हटलं, चकोर द्या. खोली उबदार होती. जाकीट चढवलं, टोप चढवला. समोर भूर्जाची झाडं आली, ढगाळ उजेड, आणि माझ्या छातीत इतकी शांतता पसरली की मला वाटलं, हे मरण असेल तर काही वाईट नाही. मग वरून आलं.

ते सांगता येत नाही. मला सांगता येत नाही अशा गोष्टी फार थोड्या आहेत. डावा हात पाठीमागं दुमडलेला. तोंडापुढं हाताच्या ओंजळीएवढी जागा. श्वास सोडला की तेवढी जागा बर्फ घेतो, पुढचा श्वास त्याहून लहान. तुसासारखंच. आणि माझी जीभ हलली, मी न हलवता. एकोणतीस एके एकोणतीस. घाई नव्हती तिला. नीट, आकडा न चुकवता. टोप विचार टिपत नाही म्हणून मघाशी सांगितलं, पण जी जीभ इतकी सावकाश पाढा म्हणते तिला काय वाटत असतं ते बापाला कळतं. ती वाट बघत होती. पाचेच्या पुढं ती आयुष्यात पहिल्यांदाच गेली. सक एकशे चौऱ्याहत्तर. साते...

“काका,” पुष्कर म्हणाला.

तोंड पाडू नकोस रे. साते दोनशे तीन. आठे दोनशे बत्तीस. पाढा पुढं चालू राहिला. नवे दोनशे एकसष्ट. आणि तेवढ्यात वर फावडं वाजलं. खर्र, खर्र. ते फावडं माझं, माझ्या हाताचा आवाज मी ओळखतो. दाहे म्हणायला जीभ उचलली आणि तोंडावर हवा आली, आणि मी तिच्या डोळ्यांनी वर माझंच तोंड बघितलं, मिशीत बर्फ अडकलेलं. पाढा संपायच्या आत बाबा पोचला. मी म्हटलं नव्हतं, पोचतो म्हणून?

“म्हणजे वाचली,” पुष्कर म्हणाला. त्यानं इतका मोठा श्वास सोडला की बुखारीची राख उडाली.

वाचली म्हणजे काय. धडधाकट आहे. डावा हात जरा आखडतो थंडीत, तेवढंच. डोंगर सोडला तिनं, लग्न केलं अन्वयशी. भोरला असतात, घरामागं आंब्याची झाडं आहेत. शैला तिच्याकडंच असते. एक मुलगी आहे, तिच्यासारखीच हट्टी, तिला आता पाढे शिकवणं चाललंय. आणि गोधडी घेते अंगावर, बरं का. शैलानं नवी शिवून दिली, आधीपेक्षा जड. रविवारी फोन येतो आणि मला बोलणी बसतात, बाबा, मेणाचे हात धुऊन जेवता का, बाबा, त्या थंडीत कशाला पडून राहिलाय.

“पण मग बाकीचे सगळे सातेला का थांबायचे?”

त्यांना पुढचा पाढा येत नव्हता. कोचीच्या माणसाला एकोणतीसचा पाढा येणार कुठून?

पुष्कर हसला. डोळे पुसत हसला, आणि उठून भिंतीवरच्या स्कीच्या जोड्या बघायला लागला. एक लाल जोडी त्यानं खाली काढली. “काका, मला पटली गोष्ट. शब्द पाळा आता. ही नेतो.”

ने. खुशाल ने. मेण लावून देतो. आणि कोर्स छेरिंग मॅडमचा घ्या. दोघंही तिथंच जा. फावडं नवं घ्या, पातळ पात्याचं नको.

रेवा उठली नव्हती. दुसऱ्या चहाचा कप तिच्या हातात तसाच भरलेला होता.

“काका,” ती म्हणाली, “वाचलेल्यांच्या नोंदी धड्यात घेत नाहीत, असं मघाशी तुम्हीच सांगितलंत.”